अणूचं किट, ६४९ रुपये : अरगॉनपाशी न्यूट्रॉन संपतात

पहिलेच सांगून ठेवतो, मी काही मास्तर नाही. यवतमाळला राहून बीएस्सी केली केमिस्ट्रीत, मंग बाबांची तब्येत गेली अन् परत येऊन वावर धरलं, आता कपाशी, तूर अन् थोडं सोयाबीन. पोरगी आठवीत आहे. आठवीला अणूचा धडा असते, तो तिचा पाठ होऊन राहिला होता पण कळून नव्हता राहिला, कारण तिचा एकच प्रश्न, "बाबा, हे कोनं पाह्यलं?" डाल्टन म्हणते चेंडू, थॉमसन म्हणते टरबूज, रदरफोर्ड म्हणते सूर्यमाला, अन् पाहिलं तं कोणीच नाही, मंग पेपरात चुकलं तं मार्क कायले कापते? उत्तर मला माहीत होतं तसं, पण सांगायला बसलो की माझंच दोन मिनिटांत अडकून जाय. म्हणून हे किट मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, आपल्याला कोणाशी भांडण करायचं नाही, फक्त घेणाऱ्याला काय मिळते ते कळावं म्हणून हा रिव्ह्यू.

डिलिव्हरीचं विचारू नका. कुरिअरवाल्या पोट्ट्याचा फोन आला, "भाऊ लोकेशन पाठवा", लोकेशन पाठवलं तं म्हणे त्या साइडले आमची गाडी येतच नाही. शेवटी दारव्ह्याला स्टँडसमोरच्या पानटपरीवर ठेवून गेला अन् मी दोन दिवसांनी खत आणायला गेलो तेव्हा पोटॅशच्या पोत्यावर ठेवून घरी आणलं (हे पोतं लक्षात ठेवा, पुढं काम आहे त्याचं). डब्बा एका कोपऱ्यातून चेपला होता पण आतला माल शाबूत.

डब्ब्यात काय काय आहे तं लाल मणी २० म्हणजे प्रोटॉन, पांढरे मणी २० म्हणजे न्यूट्रॉन, निळे बारके मणी २० म्हणजे इलेक्ट्रॉन, तारेच्या चार कड्या, एक स्टँड, बिया खोचायला भोकं पाडलेला एक प्लास्टिकचा अर्धा गोळा, मुठभर लोखंडी छर्रे, एक काळी पाटी जिचं काम आधी मला कळलंच नाही, अन् एक चोवीस पानी पुस्तिका. मण्यांची क्वालिटी चांगली आहे, रंग जात नाही, माझ्या भाच्यानं एक तोंडात घालून पाहिला. कड्या मात्र पातळ तारेच्या आहेत, दुसऱ्याच दिवशी एक वाकडी झाली ती झालीच. अणू वाकडा फिरते म्हणून सोडून दिलं.

आता पुस्तिका. ही पुस्तिका ज्यानं कोणी मराठीत केली, केली म्हणजे कॉम्प्युटरनंच केली असंन, त्याला माझा साष्टांग नमस्कार. प्रोटॉनवर धन 'शुल्क' असते. इलेक्ट्रॉनवर ऋण 'शुल्क' असते. प्रभार म्हणायचं होतं. माझी माय बाजूला वाती वळत बसली होती, ती म्हणे कायची फी लागते याच्यात आता? अन् पुढच्या पानावर तं कहरच, पहिल्या 'शिंपल्यात' दोन इलेक्ट्रॉन, दुसऱ्या शिंपल्यात आठ. कवच म्हणायचं होतं बाप्पा. पण हसण्यावारी नेता येणार नाही अशी चूक वेगळीच आहे. हिंदीत ज्याला परमाणु म्हणतात त्याला आपण मराठीत अणू म्हणतो, अन् हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. या लोकांनी अर्धी पुस्तिका हिंदीवरून उचलली, अर्धी इंग्रजीवरून, त्याच्यानं एका पानावर अणू म्हणजे हायड्रोजनचा एक दाणा अन् दुसऱ्या पानावर अणू म्हणजे पाण्याचा अख्खा रेणू. पोरीनं तेच वाचून वहीत लिहिलं की पाण्याच्या एका अणूत तीन परमाणू असतात. पेपरात असं लिहिलं तं शून्य. पुस्तिका मी सरळ कपाटावर टाकून दिली अन् मंग खरी गंमत सुरू झाली.

पहिले टरबूज. अर्ध्या गोळ्यात निळे मणी खोचले की थॉमसनचा अणू तयार, पाच मिनिटांचं काम, पोट्टे लगेच बोर होतात. खरं सांगायचं तं ही वस्तू डब्ब्यात नसती तरी चाललं असतं, उन्हाळ्यात टरबूज चिरून दाखवलं की झालं, लाल गर म्हणजे पसरलेला धन प्रभार अन् बिया म्हणजे इलेक्ट्रॉन. सांगण्यासारखं ते थॉमसननं केलं काय हे आहे, अन् किटमध्ये त्याचं नावनिशाण नाही. आमच्या कोठ्यात जुना डब्बा टीव्ही पडून आहे, मागं लांब नळी असलेला, तो मी पोरीला दाखवला. त्या नळीत मागून कायतरी निघते अन् समोरच्या काचेवर आदळून चमकते, चुंबक जवळ नेला की चित्र वाकडं होते, लहानपणी हा उद्योग करून मी बाबांचा मार खाल्ला आहे. थॉमसननं केंब्रिजला १८९७ मध्ये असल्याच नळीतले किरण विजेनं अन् चुंबकानं वाकवले, किती वाकतात ते मोजलं, अन् त्याच्यावरून काढलं की हे जे काही आहे ते सगळ्यात हलक्या हायड्रोजनच्या अणूपेक्षाही हजार पटीनं अन् वरून हलकं आहे. नळीत कोणताही वायू भरा, आतली पट्टी कोणत्याही धातूची लावा, माल तोच निघते. म्हणजे अणू फुटते, अन् सगळ्यायच्या आत एकच बारीक जिन्नस आहे. आजचा आकडा असा की प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा १८३६ पट जड. बाबा, पण पाह्यलं तं नाहीच ना? नाही पाहिलं. वाकवलं.

आता त्या काळ्या पाटीकडं येतो, कारण माझ्या मते ६४९ मधले पाचशे रुपये त्या पाटीचेच आहेत अन् कंपनीनं तिला डब्ब्यावर फोटोतही घेतलं नाही. पाटीला खालून चार बारीक पाय आहेत. तिच्याखाली एक ठोकळा लपवायचा, किटमध्ये गोल, त्रिकोणी, चौकोनी असे येतात अन् एक आहे नुसती खुंटी, खडूच्या तुकड्याएवढी. ज्यानं लपवला त्यानं बोलायचं नाही. बाकीच्यांनी बाजूनं छर्रे गडगडवायचे अन् कुठून बाहेर येतात ते कागदावर आखायचं, अन् त्याच्यावरून खाली काय आहे ते सांगायचं. बस एवढंच. संध्याकाळी लाइट गेली होती, गल्लीतले सात-आठ पोट्टे ओट्यावर जमले, मोबाइलच्या टॉर्चवर खेळ चालू. त्रिकोण लगेच ओळखला, चौकोन ओळखला, गोलात थोडं भांडण झालं. मंग मी खुंटी ठेवली.

छर्रे सरळ पार. दहा टाकले, पार. वीस टाकले, पार. शेजारचा पोट्टा म्हणे काका काहीच नाही ठेवलं तुम्ही, चिटिंग करून राहिले. दोघं-तिघं उठूनही गेले. पोरगी मात्र टाकतच राहिली, सरळ, सरळ, सरळ, अन् एक छर्रा खटकन आवाज करून तिच्याकडंच परत आला. ती थांबली. म्हणे, "आहे. पन भल्लं बारीक आहे."

मला त्या वेळेस खरंच अंगावर काटा आला, कारण हेच, अगदी हेच वाक्य काढायला रदरफोर्डसारख्या माणसाला दीड-दोन वर्षं लागली. न्यूझीलंडच्या खेड्यातून आलेला माणूस, नोबेल १९०८ मध्येच मिळून गेलं होतं अन् ज्याच्यासाठी आपण आज त्याचं नाव घेतो ते काम त्यानं त्याच्या नंतर केलं. मँचेस्टरला १९०९ मध्ये त्याच्याकडं गायगर म्हणून एक होता अन् मार्सडन नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी. सोन्याचा पत्रा, केसापेक्षा शंभर पटीहून पातळ, त्याच्यावर अल्फा कण (रेडिअमसारख्या पदार्थातून आपोआप सुटणारे धन प्रभाराचे बारके कण) सोडायचे अन् पडद्यावर कुठं ठिणगी पडते ते मोजायचं. मोजायचं म्हणजे मशीन नाही, डोळ्यानं, अंधाऱ्या खोलीत आधी डोळे अंधाराला सरावेपर्यंत बसून राहायचं अन् मंग मायक्रोस्कोपमधून एकेक चमक मोजायची. आमच्या गावात हे काम कोणीही केलं असतं, अंधारात बसायची प्रॅक्टिस महावितरणच्या कृपेनं भरपूर आहे. थॉमसनचं टरबूज खरं असतं तं सगळे कण जवळपास सरळ पार जायला पाहिजे होते, अन् जातही होते, पण हजारोंमधून एखादा उलटा येऊन राहिला होता, त्यायनं पहिले मोजलं तेव्हा साधारण ८००० मध्ये एक. रदरफोर्ड पुढं सांगायचा की हे म्हणजे तोफेचा गोळा पातळ कागदावर मारावा अन् तो परत येऊन आपल्यालाच लागावा असं झालं. १९११ मध्ये त्यानं गणित मांडलं की अणूतला सगळा धन प्रभार अन् जवळपास सगळं वजन मधोमध एका बारक्या जागेत आहे, बाकी मोकळं. अणुकेंद्रक. तेही कोणी पाहिलं नाही. परत आलेले छर्रे मोजले.

पाटीची एक तक्रार आहे ती लिहून ठेवतो, छर्रा खुंटीला धडकून परत येते, खरा अल्फा कण केंद्रकाला शिवतही नाही, दोन्हीवर धन प्रभार म्हणून चुंबकाची सारखी टोकं एकमेकाला लोटतात तसं जवळ जाता जाता माघारी फिरते. खुंटीच्या जागी चुंबक दिला असता तं काय बिघडलं असतं, दहा रुपयांचा चुंबक.

आता मुख्य मॉडेल, ज्याचा डब्ब्यावर मोठा फोटो आहे अन् खाली लिहिलं आहे 'खऱ्या अणूसारखा'. इथं माझा आक्षेप आहे. लाल मणी मी पट्टीनं मोजला, ८ मिलिमीटर. पहिली कडी त्याच्यापासून ४ सेंटीमीटरवर. हायड्रोजनचा खरा अणू प्रोटॉनच्या साठ हजार पटीच्या वर मोठा असते, तं हिशोब केला अन् इलेक्ट्रॉनची जागा निघाली मण्यापासून अडीचशे मीटरवर. मंग आम्ही काय केलं, लाल मणी ओट्यावर ठेवला, मायला सांगितलं कोंबडी टिपणार नाही एवढं पाह्य, अन् मी अन् पोरगी पावलं मोजत निघालो. किराणा दुकान गेलं, पाण्याची टाकी गेली, मारोतीचं देऊळ गेलं, तीनशेच्या वर पावलं झाली तेव्हा झेडपी शाळेच्या गेटापाशी पोचलो. तिथं निळा मणी धरून पोरगी उभी, अन् मधात सगळं गाव, अन् अणूच्या हिशोबात हे सगळं गाव म्हणजे रिकामं. अन् निळा मणी धरला तोही खोटाच, कारण इलेक्ट्रॉनचा आकार आजपर्यंत कोणाला मोजता आलाच नाही, जितकं बारीक पाहावं तितका तो ठिपकाच.

परत आलो तं माय म्हणे, एवढं सगळं रिकामं हाय तं मी खाटेवरून खाली काहून नाही पडत? प्रश्न एक नंबर आहे, कॉलेजात आम्हाला कोणी विचारला नव्हता. एक तं इलेक्ट्रॉन इलेक्ट्रॉनला लोटते, अन् दुसरं म्हणजे पाउली म्हणून एकानं १९२५ मध्ये नियम सांगितला की दोन इलेक्ट्रॉन एकाच जागी एकाच तऱ्हेनं बसू शकत नाहीत. लालपरीत सीटवर रुमाल टाकला की टाकला. सीट रिकामं दिसते पण बसून पाहा. मायला रुमालाचं लगेच पटलं.

कड्यांवर फिरणारे इलेक्ट्रॉन हा बोरचा अणू, १९१३ चा. बोर हा डेन्मार्कचा, वर्षभर आधीच रदरफोर्डकडं मँचेस्टरला राहून गेला होता. रदरफोर्डच्या अणूत गोची अशी होती की गोल फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा फेकत फेकत, डोळ्याचं पातं लवायच्या आत, केंद्रकात जाऊन पडायला पाहिजे, म्हणजे आपण कोणीच उरायला नको. बोर म्हणे ठरावीक कड्यांवरच बसायची परवानगी, अधेमधे नाही, अन् एका कडीवरून दुसरीवर उडी मारली की ठरावीक रंगाचा प्रकाश. चिमूटभर मीठ गॅसच्या ज्योतीवर टाका, ज्योत पिवळीच होते, दरवेळेस तोच पिवळा, सोडियमची सही आहे ती. हायड्रोजनच्या रंगांचं गणित बोरचं बरोबर जमलं, त्याच्या पुढच्या अणूंचं नाही जमलं. १९२६ पर्यंत कड्या गेल्या अन् ढग आला, इलेक्ट्रॉन इथं आहे असं नाही, इथं सापडायची शक्यता एवढी असं. किटमध्ये ढगाचं काहीच नाही, पण तो प्लास्टिकमध्ये करणार कसा, कापूस द्यायचा तं कापूस आमच्याकडं घरभर आहे. थॉमसनच्या घरचीच गोष्ट घ्या ना, बापाला १९०६ मध्ये नोबेल मिळालं, इलेक्ट्रॉन कण आहे हे त्यानंच दाखवलेलं, अन् पोराला १९३७ मध्ये मिळालं इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागते म्हणून. बाप म्हणे दाणा, पोरगं म्हणे लाट, अन् दोघंही खरे. आमच्या घरी असं झालं असतं तं वाटणी झाली असती.

आता टायटलमधल्या अरगॉनवर येतो. डब्ब्यावर लिहिलं आहे पहिली २० मूलद्रव्यं बनवा. पोरीनं सुट्टीत एकेक बनवत आणलं, हायड्रोजन, हेलिअम, कार्बन, रोज एक, टीव्हीपाशी ठेवायची, फोटो काढायची, मंग मोडून पुढचं. अठरावं आलं अरगॉन. १८ लाल, १८ निळे, अन् पांढरे पाहिजे २२. डब्ब्यात २०. आम्ही पहिले घरभर शोधलं, खाटेखाली, भाच्याच्या खिशात. मंग मोजलं तं २० चे २० जागेवर. कंपनीनं हिशोब केला असंन की कॅल्शिअमला २० लागतात, पोटॅशिअमला २० लागतात, मंग विसाव्यापर्यंत २० पुरतात. मधातल्या अरगॉनला दोन जास्त लागतात हे कोणी पाहिलंच नाही.

मी रागात तक्रार लिहायला बसलो होतो, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की हीच अडचण मोठ्या मोठ्या लोकांनाही आली होती. आवर्तसारणी, म्हणजे मूलद्रव्यांचा तक्ता, तेव्हा वजनानं लावत होते, अन् अरगॉनचं वजन ३९.९५ भरते, पोटॅशिअमचं ३९.१०. म्हणजे वजनानं पोटॅशिअम आधी यायला पाहिजे, पण तो पाण्यात टाकला की पेटणारा धातू, अरगॉनच्या जागी, निऑनसारख्या आळशी वायूच्या खाली कसा बसवता? तं लोकांनी नियम मोडून अदलाबदल करून ठेवली अन् कारण कोणालाच नव्हतं माहीत. १९१३ मध्ये मोसली नावाच्या पंचविशीतल्या पोरानं, हाही रदरफोर्डकडंच तयार झालेला, एकेका मूलद्रव्याचे क्ष-किरण मोजले अन् दाखवलं की खरा नंबर वजनाचा नाही, केंद्रकावरच्या धन प्रभाराचा आहे. लाल मणी मोजा, पांढरे नका मोजू. अरगॉन १८, पोटॅशिअम १९, भांडण संपलं. तो पोरगा पुढं पहिल्या महायुद्धात भरती झाला अन् १९१५ मध्ये गॅलिपोलीला गोळी लागून गेला, २७ व्या वर्षी. हे सांगितल्यावर पोरगी बराच वेळ काही बोलली नाही.

पांढऱ्या मण्यांचा पत्ता तं त्याच्याही नंतर लागला, न्यूट्रॉन सापडला १९३२ मध्ये, चॅडविकला. पुस्तिकेत तोही रदरफोर्डच्याच नावावर टाकला आहे, तेवढं पान पेनानं दुरुस्त करून घ्या.

अन् अरगॉनला जास्तीचे दोन आले कुठून? हवेत जवळपास १ टक्का अरगॉन आहे अन् तो बहुतेक सगळा २२ न्यूट्रॉनवाला, कारण तो खडकातल्या पोटॅशिअमपासून झाला. पोटॅशिअमचा एक विरळा प्रकार असते २१ न्यूट्रॉनवाला, अर्धा व्हायला त्याला १२५ कोटी वर्षं लागतात, अन् त्यातला थोडा भाग एक प्रोटॉन खर्ची घालून न्यूट्रॉन करून अरगॉन होते. मी पोरीला घरात नेऊन पोटॅशचं पोतं दाखवलं, ज्याच्यावर बसून हे किट आलं होतं तेच, म्हटलं याच्यातही हळूहळू अरगॉन होऊन राहिला आहे. तिनं पोत्याला कान लावून पाहिला.

कस्टमर केअरला मी लिहिलं की १८ व्या मूलद्रव्याला २२ न्यूट्रॉन लागतात, दोन मणी पाठवा. उत्तर आलं, सर आपला बॉक्स चेक केला आहे, २० नग बरोबर आहेत, रेटिंग द्या. देतो ना. पाटीला ५ पैकी ५, मण्यांना ४, कड्यांना २, पुस्तिकेला शून्यही जास्त होते. एकूण साडेतीन. घ्यायचं असंन तं घ्या पण पुस्तिका पोराच्या हाती देऊ नका अन् पाटी पहिल्या दिवशीच काढा, बाकीचं नंतर.

"कोनं पाह्यलं" याचं उत्तर तिला मी एवढंच दिलं की आता १९८१ पासून एक यंत्र आहे, सुईच्या टोकानं अणू चाचपते अन् चित्र काढून देते. ती म्हणे म्हणजे तेही पाहत नाहीच, छर्रे टाकल्यासारखंच. मी गप्प बसलो.

अरगॉन अजून टीव्हीपाशीच आहे, मोडू देत नाही. दोन न्यूट्रॉन तुरीचे बसवले आहेत, पांढऱ्या खडूनं रंगवून. खरा न्यूट्रॉन केंद्रकाबाहेर सुटा राहिला तं साधारण पंधरा मिनिटांत मोडते म्हणतात, आमचा आतमध्ये बसूनही दीड महिना टिकला, काल पाहिलं तं एकाला भुंगा लागला आहे.